मराठा टायगरचा कापलेला अर्धा गुण

गेल्या वर्षी मे महिन्यापासून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला माझ्या डोक्यावर एक बहात्तर वर्षांचा माणूस पडायला लागला. डोक्यावर म्हणजे छतावर. आम्ही कोलकात्यात डमडमला राहतो. मी तळमजल्यावर आणि मधुकर शिंत्रे बरोब्बर माझ्या वर. आधी धप्प असा आवाज, त्यातच तळहात आपटल्याचा चट्ट, मग दोन मिनिटं शांतता आणि पुन्हा धप्प. पहिल्या दिवशी मी अनवाणीच वर धावले. दार उघडं होतं. काका जमिनीवर अंथरलेल्या कापसाच्या गादीवर उताणे पडले होते आणि छताकडे बघत शांतपणे आकडे मोजत होते. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, सराव चाललाय.

मला राग लवकर येतो. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं की कुणालाही येईल. मी त्यांना जिन्यात ऐकू जाईल इतक्या आवाजात सुनावलं की या वयात माणसं पडू नये म्हणून बाथरूममध्ये कड्या बसवून घेतात, आणि तुम्ही हौसेनं पडताय. काकांनी सगळं ऐकून घेतलं, उठून बसले आणि गादीची सुरकुती हातानं सारखी केली. मी खाली येऊन चहा टाकेपर्यंत वरून पुन्हा धप्प झालं.

काकांची ओळख दोन वाक्यांत संपते, आणि गेली पन्नास वर्षं लोकांनी त्या दोनच वाक्यांवर भागवलंय. एक, ते मूळचे गडहिंग्लजचे, एकविसाव्या वर्षी कोलकात्याजवळच्या बजबजच्या एका ज्यूट मिलच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. दोन, ते कुस्तीत हरले. कोलकात्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात विचारा, दुसरं वाक्य आधी सांगतील.

ही कुस्ती म्हणजे तालमीतली, लाल मातीतली नव्हे. ही दोर बांधलेल्या रिंगमधली, चमकत्या चड्ड्यांची, मुखवट्यांची, घंटेची कुस्ती. त्या काळी एका उस्तादाची मंडळी थंडीच्या दिवसांत हुगळीकाठच्या मिलगावांतून असे खेळ करत हिंडायची. सहा फुटी शिंत्रे मिलच्या फाटकातून बाहेर पडताना उस्तादाला दिसले, आणि त्यानं त्यांना काळ्या पट्ट्यांचा पिवळा मुखवटा आणि 'मराठा टायगर' हे नाव दिलं. आठवडाभर हजेरीची रजिस्टरं आणि रविवारी रिंग, असं पाच हिवाळे चाललं. काका एकशे बारा कुस्त्या लढले आणि एकशे बारा हरले.

त्यातली एक मी पाहिली आहे. मी बारा वर्षांची होते. माझे वडील शशिकांत, आमचे अप्पा, बँकेत अधिकारी होते आणि इथल्या आमच्या मराठी मंडळाचे सचिव. ते मला बजबजला घेऊन गेले होते, पहिल्या रांगेत. टायगर आधी खूप मारायचा. आता जिंकणार, आता जिंकणारच, असं वाटेपर्यंत मारायचा. मग समोरचा कुणी बंगाली नाहीतर पंजाबी वीर त्याला डोक्यावर उचलायचा आणि आपटायचा. टायगर पडला तेव्हा अप्पा ताडकन उभे राहिले आणि मी ढसाढसा रडले.

पुढच्या महिन्यात मंडळाची सभा भरली आणि ठराव झाला. तो इतिवृत्ताच्या वहीत अजून आहे, अप्पांच्या वळणदार अक्षरात: "सभासद श्री. मधुकर शिंत्रे यांनी 'मराठा टायगर' या नावाने जाहीर कुस्त्यांत वारंवार पराभूत होऊन परप्रांतात समाजाच्या नावास उणेपणा आणल्याबद्दल ही सभा तीव्र नापसंती व्यक्त करते. त्यांनी एकतर जिंकावे अथवा नाव बदलावे." ठराव एकमतानं संमत झाला. जगात कुठल्या समाजानं असला ठराव केला असेल असं मला वाटत नाही. सगळे पदवीधर होते, अर्धे बँकेतले आणि अर्धे केंद्र सरकारातले. काकांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, "पुढल्या वेळी प्रयत्न करीन." आणि पुढल्या रविवारी पुन्हा हरले.

त्याची किंमत त्यांच्यापेक्षा स्मिताकाकूंनी जास्त मोजली. त्यांच्याकडे हळदीकुंकवाची बोलावणी येईनात. गणपतीत त्या प्रसादाची ताटं भरायच्या, पण आरतीला कुणी पुढे बोलवायचं नाही. मला हे सगळं आठवतं आणि त्यात माझे वडील होते याची मला लाज वाटते. हे मी आडपडद्यानं सांगत नाही.

आज शेंबडं पोरही सांगेल की असल्या कुस्त्यांचा निकाल आधी ठरलेला असतो. काकांनी एकदा तोंड उघडलं असतं तर ठरावही झाला नसता आणि काकूंचा अपमानही. पण उस्तादानं रिंगचा दोर हातात देऊन त्यांच्याकडून वचन घेतलं होतं: रिंगमधलं रिंगबाहेर न्यायचं नाही, घरीसुद्धा नाही. हे वचन घेतलं एवढं काकांनी मला एकदा सांगितलंय. रिंगमध्ये काय होतं, ते मात्र कधीच सांगितलेलं नाही. उस्ताद जाऊन चाळीस वर्षं झाली, मंडळी फुटली, मिलसुद्धा बंद पडली. वचन मात्र चालू आहे.

आता माझ्या मुलाकडे येते. क्षितिज एकतीस वर्षांचा आहे आणि न्यू टाउनमधल्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवतो. अकरा जणांच्या त्यांच्या चमूनं चार वर्षं खपून व्यावसायिक कुस्तीचा एक गेम केला, 'थंडर रोप्स'. त्या चार वर्षांत त्यानं दोन लग्नं चुकवली, एक जमत आलेलं स्वतःचं आणि एक मामेभावाचं. मार्चमध्ये गेम जगभर बाहेर पडला आणि आठवड्याभरात जगभरातून परीक्षणं आली.

मला वाटायचं, पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे लोक जहरी असतात. गेमचे समीक्षक त्यांचे बाप निघाले. एकानं लिहिलं की पैलवानाचा हात दोरातून आरपार जातो, तेव्हा हा दोर आहे की अफवा. दुसऱ्यानं लिहिलं की प्रेक्षकांत चारशे माणसं आहेत आणि सगळ्यांनी एकाच दुकानातून एकच शर्ट घेतलाय. एकाच्या गेममध्ये पंच मुंडक्याविना फिरत होता आणि तरीही निकाल बरोबर देत होता. हे सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं. पण जवळजवळ प्रत्येक परीक्षणात फिरून फिरून एक तक्रार होती, आणि ती कॅनडातल्या विनिपेगच्या एका समीक्षकानं सर्वांत नेमकी लिहिली होती: "इथे जिंकणाऱ्यावर चार वर्षं मेहनत घेतली आहे आणि हरणाऱ्यावर चार मिनिटं. तो बटाट्याच्या पोत्यासारखा पडतो. ज्याच्या पडण्यावर माझा विश्वास नाही, त्याला पाडून मला काय मिळणार? दहापैकी तीन." सगळ्या परीक्षणांची सरासरी शंभरात त्रेचाळीस आली. मी आयुष्यभर पस्तीसला पास केलंय, पण या धंद्यात त्रेचाळीस म्हणजे नापास.

एप्रिलच्या शेवटी कंपनीच्या मालकांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिली. गेमची सुधारलेली आवृत्ती काढा, समीक्षकांना पुन्हा खेळायला द्या. तरीही मत बदललं नाही तर गेम बंद आणि चमूही बंद. क्षितिज आठवडाभर परीक्षणं छापून त्यांवर खुणा करत बसला. मग एका रविवारी तो परीक्षणांचे छापलेले कागद घेऊन वर गेला. मीही मागोमाग गेले, कारण तो काय मागणार ते मला कळलं होतं.

क्षितिजचं मराठी बेतास बात आहे, तरी त्यानं काकांना एकूण एक परीक्षण मराठीत करून सांगितलं. काका हजेरी ऐकावी तसे मान हलवत ऐकत होते. पोत्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग क्षितिजनं विषयाला हात घातला. तुम्ही एकशे बारा वेळा हरलात, हरणारा आतून काय करतो ते मला सांगा. निकाल कसा ठरायचा, कोण कुणाला काय खुणा करायचा, कोण कुणाला सांभाळायचा. कुठे छापणार नाही, फक्त गेमसाठी हवंय.

काका म्हणाले, "ठरायचं काय त्यात? समोरचा माझ्यापेक्षा चांगला होता."

क्षितिजला वाटलं ते थट्टा करतायत. त्यानं पुन्हा विचारलं, मग जरा आवाज चढवून विचारलं. अकरा माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे आजोबा, म्हणाला, आणि हे गुपित आता जगाला ठाऊक आहे, तुम्ही एकटेच ते धरून बसलाय. तो चुकीचं काही बोलत नव्हता. मलाही मनातून वाटलं की म्हाताऱ्यानं आता सोडावा हट्ट, ज्याला वचन दिलं तो कधीच गेला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्मितानं शेवटच्या आजारात विचारलं होतं. म्हणाली, एकदा तरी जिंकायला हवं होतं हो तुम्ही. तिलाही मी हेच म्हटलं, समोरचा चांगला होता. आता तुला वेगळं सांगू?"

क्षितिज कागद गोळा करून खाली आला. मला काकूंची आठवण येऊन भरून आलं. दर रविवारी संध्याकाळी त्या काकांच्या पाठीला तेल चोळत असणार, माझा नवरा आजही हरला असं मनात घोकत. आणि हा माणूस तिच्या मरणाच्या खाटेशीही बधला नाही. त्याचं कौतुक करावं की त्याला बडवावं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि अजूनही आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या डोक्यावर पहिलं धप्प झालं.

जूनअखेरपर्यंत काकांनी क्षितिजला पत्ता लागू दिला नाही; तो रात्रभर काम करून पहाटे कानात बोळे घालून झोपायचा. मला न सांगण्याची तंबी होती. रोज आधी वीस वेळा मागे पडायचं, मग दहा वेळा कुशीवर, मग नुसतं श्वास सोडण्याचा सराव. मी दररोज भांडायला वर जायची आणि दररोज काहीतरी शिकून खाली यायची. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ आणि तळहात एकदम टेकले पाहिजेत म्हणजे मार विभागला जातो आणि आवाज मोठा होतो. पडताना श्वास कोंडून धरला तर बरगडी जाते. मे महिन्यातला डमडमचा उकाडा म्हणजे न हलताही घाम निथळतो, आणि हा माणूस गंजीफ्रॉक पिळून वाळत घालायचा आणि पुन्हा गादीपाशी उभा राहायचा. माझ्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा भाकरीएवढा खाली आला. मी तो पुरावा म्हणून ताटलीत घालून वर नेला. काकांनी गवंडी पाठवला, सराव थांबवला नाही.

जूनच्या शेवटी ते क्षितिजला म्हणाले, "सांगणार काही नाही. पडून दाखवतो. तुला काय घ्यायचं ते घे."

मग डॉक्टर झाले, हाडांचे फोटो झाले, हृदयाचा आलेख झाला. डॉक्टरांनी पाठ बघून विचारलं की हे इतके जुने मार कसले, तर काका म्हणाले, हरल्याचे. माझा विरोध शेवटपर्यंत होता आणि तो मी कंपनीला लेखी कळवला होता. उत्तरादाखल त्यांनी ऑफिसातल्या जाड गाद्यांची माहिती आणि मलाच सोबत येण्याचं निमंत्रण पाठवलं. सप्टेंबरमध्ये मी काकांना न्यू टाउनला घेऊन गेले.

तिथे एक मोठी रिकामी खोली होती. भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे. माणसाला काळा घट्ट पोशाख घालतात, त्यावर जागोजागी बोराएवढे पांढरे गोळे चिकटवतात, आणि कॅमेरे फक्त ते गोळे टिपतात. पडद्यावर मग माणूस दिसत नाही, त्याचे ठिपके हलताना दिसतात. काकांना त्या पोशाखात बघून मला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण खांदे अजून तसेच होते. समोर बापी नावाचा जिम ट्रेनर होता, पस्तिशीचा, दांडगा. म्हाताऱ्याला उचलायचं म्हणून तोच मागे सरत होता. काका त्याच्याजवळ गेले, बंगालीत त्याच्या आईवडिलांची चौकशी केली, त्याच्या दंडाला हात लावून ठेवला आणि म्हणाले, घाबरू नकोस, मला पाड.

बापीनं उचललं आणि टाकलं. ती खोली दणाणली. चमूतल्या एका मुलीनं तोंडावर हात धरला. काका हळूहळू, एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर, दोर नसतानाही दोराचा आधार घ्यावा तसे उठले, आणि सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी मी पुन्हा बारा वर्षांची झाले. आता जिंकणार असं मला वाटलं. खरंच वाटलं.

त्या दिवशी ते चौदा वेळा पडले. दुसऱ्या दिवशी विश्रांती, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवा दिवस झाला तेव्हा क्षितिज पडद्यासमोर एकटाच बसून एकच फेक पुन्हा पुन्हा, हळू करून बघत होता. मी जवळ गेले. त्यानं बोटानं दाखवलं. बापीच्या हातांवर जोर पडायच्या आधी, अगदी डोळ्याचं पातं लवेल इतका आधी, काकांचे पाय जमिनीवरून सुटले होते. बापी त्यांना उचलत नव्हताच. काका स्वतः वर जात होते. त्याच्याही आधी काकांचा हात बापीच्या दंडावर दोनदा दाबला जात होता. आणि खाली येताना काकांचा दुसरा हात बापीच्या मानेमागे होता, बापी तोल जाऊन तोंडावर पडू नये म्हणून. सगळी फेक हरणारा करत होता. जिंकणारा फक्त उभा होता.

काका शेजारच्या खुर्चीत घाम पुसत बसले होते. क्षितिज वळला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही आधी उडी मारता."

"तुझं मशीन काय म्हणायचं ते म्हणू दे," काका म्हणाले. "मी काही म्हटलेलं नाही."

क्षितिजनं पुढे एक अक्षर विचारलं नाही. माझा मुलगा त्या दिवशी मला मोठा झालेला दिसला. त्यानं फक्त ठिपके बघितले आणि गेम मुळापासून उसवायला घेतला. आधी त्यांच्या गेममध्ये मारणाऱ्याला गुण होते. आता प्रेक्षक किती रंगले याला गुण आले, आणि प्रेक्षक रंगणार की नाही हे बरंचसं हरणाऱ्याच्या हाती आलं. कधी उठायचं, किती वेळ आशा लावायची, कुठल्या क्षणी वर जायचं. दोर आणि शर्ट आणि पंचाचं मुंडकं इतरांनी दुरुस्त केलं.

चमूला काकांचं नाव गेममध्ये घालायचं होतं. काकांनी दोन अटी घातल्या. एक, त्यांची मुलाखत कुणी घ्यायची नाही. दोन, मराठा टायगर गेममध्ये असेल तर तो कधीही जिंकता कामा नये. मालकांना दुसरी अट झेपेना. खेळणारे पैसे देऊन गेम घेतात, म्हणाले, एखादा पैलवान काही केल्या जिंकतच नाही हे त्यांना कसं चालेल? शंभर कुस्त्यांनंतर तरी जिंकू द्या, बक्षीस म्हणून. त्यासाठी काका स्वतः पुन्हा न्यू टाउनला गेले, या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पाऊण तास एकच वाक्य बोलले. शंभर नाही आणि हजारही नाही. मालक चहा मागवत राहिले, काका नाही म्हणत राहिले. मिलच्या टाइम ऑफिसात सगळी नोकरी उशिरा येणाऱ्यांची कारणं ऐकलेला माणूस तो, त्याच्यापुढे यांचा काय पाड लागणार? टायगर कायमचा हरता राहिला.

सुधारलेली आवृत्ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. जानेवारीत परीक्षणं यायला लागली. क्षितिजला ती एकट्यानं उघडायचं धाडस होईना, म्हणून आम्ही तिघं काकांच्या खोलीत बसलो. पहिल्यानं लिहिलं होतं की मी या गेमची माफी मागतो. दुसऱ्यानं लिहिलं की गेल्या दहा वर्षांत जिंकण्याचे गेम पुष्कळ झाले, हरण्याचा हा पहिलाच. टायगर कोण आहे, याच्या पडण्यात इतकं माणूसपण कुठून आलं, असं तिघा-चौघांनी विचारलं होतं. एकीनं लिहिलं की मी टायगरशी लढले, जिंकले आणि मला स्वतःचा राग आला. सरासरी त्रेचाळीसवरून एकोणऐंशीवर गेली. चमू वाचला. क्षितिज काकांच्या पाया पडला आणि तसाच बसून राहिला. मी रडले, लपवून वगैरे नाही.

काका मात्र दरेक परीक्षणाला हजेरीसारखी मान हलवत होते. विनिपेगवाला आला का, म्हणून मधून मधून विचारत होते.

तो सगळ्यांत शेवटी आला. त्यानं तीनचे आठ केले होते. लिहिलं होतं: "साडेआठ देणार होतो. पण मराठा टायगरवर निर्मात्यांनी अन्याय केला आहे. मी त्याला घेऊन चाळीस कुस्त्या खेळलो. तो प्रत्येक वेळी जिवाच्या आकांतानं लढतो, प्रत्येक वेळी जिंकायच्या बेतात असतो आणि निर्माते त्याला जिंकू देत नाहीत. या माणसाला एक तरी विजय मिळायलाच हवा होता. अर्धा गुण कापला आहे."

क्षितिज चिडला. अट आजोबांची आणि गुण आमचे गेले, म्हणाला. काकांनी त्याला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग चष्मा काढून हातात धरला, आणि मी इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा असं बघितलं, चेहरा आतून उजळलेला. "हा कागद मला छापून दे," एवढंच ते म्हणाले.

मला तेव्हा नीटसं उमगलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच एक खूळ शिरलं होतं. मी आता मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. जगातले समीक्षक या माणसाला डोक्यावर घेतात आणि आमच्या वहीत त्याच्या नावानं तीव्र नापसंती तशीच पडून आहे, हे मला सहन होईना. अप्पांनी लिहिलं ते मी खोडणार, असं मी ठरवलं. अर्ज लिहिला: सन एकोणीसशे सत्त्याहत्तरचा अमुक ठराव मागे घेण्यात यावा. तीन सह्या मिळवल्या आणि चौथी काकांची संमती म्हणून घ्यायला वर गेले.

काकांनी अर्ज वाचला आणि विचारलं, कारण काय लिहिलंयस? मी म्हटलं, तेच तर. कारण लिहायचं म्हणजे हे लिहावं लागेल की त्या कुस्त्या... आणि तिथे मी थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले, वर्गात मी पोरांकडे बघायची तसे, उत्तर सुचायची वाट पाहत.

मग त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत तो पिवळा मुखवटा होता, रंग उडालेला. स्मिताकाकूंचा एक फोटो. आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं मंडळाचं मूळ पत्र, अप्पांच्या सहीचं, घडीच्या खुणांवर मागून चिकटपट्टी लावलेलं. सूड म्हणून जपलेला कागद असा कुणी चिकटवून चिकटवून जपत नाही. मी ते हातात घेतलं. एकतर जिंकावे अथवा नाव बदलावे.

"तुझे वडील दर रविवारी पहिल्या रांगेत असायचे," काका म्हणाले. "मी पडलो की उभे राहायचे. दर वेळी, रसिका. एकदा तर रिंगवर चढायला निघाले होते."

त्यांनी विनिपेगचा छापलेला कागद घेतला, पत्रावर ठेवला, दोन्ही मिळून त्याच पाकिटात सरकवले आणि पेटी बंद केली. बंद करण्याआधी काकूंच्या फोटोवर मात्र त्यांचा हात थोडा वेळ राहिला. अप्पा काय आणि विनिपेगवाला काय, दोघांनाही टायगर जिंकेल असं खरंच वाटलं होतं, हे मला आता उमगलं.

मी खाली येऊन अर्ज फाडला. सह्या देणाऱ्या तिघांना सांगितलं की काकांची तयारी नाही, आणि हे खोटं नव्हतं. मी इथे जे लिहिलंय ते मशीननं दाखवलेलं आहे. काका काहीही म्हणालेले नाहीत, हे कृपया ध्यानात ठेवावं. वरून अजून सकाळी सहाला आवाज येतो, आता आठवड्यातून दोनदाच. वहीतला ठराव कायम आहे. मधुकर शिंत्रे यांनी एकतर जिंकावं, नाहीतर नाव बदलावं, आणि त्यांचा दोन्हीला नकार आहे.